सिमेंटच्या धुरातून प्रोटीन? मुकुटबनचा हिशेब मांडून बघू

"हवेपासून प्रोटीन बनवलं!" अशी एखादी रील तुमच्या फोनवर कधीतरी आलीच असेल. मोठ्या स्टीलच्या टाकीत बुडबुडे, मग पिवळसर पावडर, मग कुणीतरी त्याचं आइसक्रीम खाऊन मान डोलावतंय. खाली कॅप्शन : आता शेतीची गरजच नाही.

रीलमधली पावडर खरी आहे. तिचं नाव सोलीन. फिनलंडमधली सोलर फूड्स नावाची कंपनी ती बनवते. सिंगापूरने २०२२ मध्ये तिला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली आणि २०२४ मध्ये हेलसिंकीजवळच्या वांता इथे कंपनीचा पहिला व्यावसायिक कारखाना सुरू झाला. भारतातही विषय पोचलाय. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बायो-ई-थ्री धोरणात 'स्मार्ट प्रोटीन' आणि 'कार्बन पकडून त्याचा वापर' या दोन्ही गोष्टी प्राधान्याच्या यादीत आहेत.

पण ते कॅप्शन यवतमाळ जिल्ह्यातून वाचलं की वेगळंच वाटतं. कापूस आणि सोयाबीन ही इथली दोन मुख्य पिकं. सोयाबीन म्हणजे तेल आणि प्रोटीन. तेल काढून उरलेली ढेप कोंबड्यांना, जनावरांना, माशांना जाते, आणि सोयाबीनच्या भावाचा मोठा भाग त्या ढेपेवर ठरतो. म्हणजे कुणी स्वस्तात दुसरं प्रोटीन काढलं तर पहिला फटका इथे बसेल. दुसरीकडे याच जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला, रोज ढिगाने कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणारा मोठा सिमेंट कारखाना आहे. म्हणजे कच्चा माल इथलाच आणि ज्याचं नुकसान होऊ शकतं तोही इथलाच. म्हणून हा हिशेब फिनलंडच्या आकड्यांवर न मांडता आपल्याच जिल्ह्याच्या आकड्यांवर मांडून बघू.

जिवाणू करतात तरी काय?

झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, ऊन वापरतात आणि त्यातून पान-फळ-दाणा बनवतात. हे शाळेत झालंय. काही जिवाणूंना मात्र ऊन लागतच नाही. त्यांना ऊर्जा मिळते हायड्रोजन वायूतून. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग घडवून जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर ते कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन आपल्या शरीरात बसवतात. या गटातला सगळ्यात अभ्यासलेला जिवाणू म्हणजे क्युप्रिॲव्हिडस नेकेटर. मातीत सापडतो. जर्मन लोक या गटाला 'क्नालगास' जिवाणू म्हणतात. क्नालगास म्हणजे धडाका होणारा वायू. नाव उगाच पडलेलं नाही, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच टाकीत सोडायचे म्हणजे एका ठिणगीचं काम असतं. कारखान्यात या दोन वायूंचं प्रमाण सतत सांभाळावं लागतं ते त्यामुळेच.

कल्पनाही नवी नाही. लांबच्या अंतराळ प्रवासात माणसाच्या श्वासातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपासूनच अन्न बनवता येईल का, म्हणून अमेरिकेत नासासाठी १९६०च्या दशकातच यावर काम झालं होतं.

प्रक्रिया सांगायला सोपी आहे. टाकीत पाणी, थोडे क्षार, नायट्रोजनसाठी अमोनिया. खालून तीन वायू सोडायचे : हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड. जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. दाट झालेलं पाणी सतत काढून घ्यायचं, जिवाणू वेगळे करायचे, तापवायचे, वाळवायचे. हातात येते ती पावडर, जिच्यात ६५ ते ७० टक्के प्रोटीन असतं. सोयाबीनच्या दाण्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास आणि ढेपेत ४५ ते ४८ टक्के असतं.

करायला मात्र अवघड. हायड्रोजन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, लिटरमागे दीड-दोन मिलिग्रॅम, बस्स. त्यामुळे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून वायू जोरात घुसळावा लागतो किंवा दाब वाढवावा लागतो. शिवाय ही प्रक्रिया स्वतः उष्णता सोडते आणि क्युप्रिॲव्हिडसला ३० अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. वांतामध्ये ते सोपं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा टाकी ३०वर धरायची म्हणजे कूलिंगचं बिल वेगळं आणि पाणीही वेगळं. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय हाल काढले ते आठवून बघा.

एक गोष्ट रीलमध्ये कधीच सांगत नाहीत. भराभर वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये आरएनएचं प्रमाण खूप असतं. माणसाच्या शरीरात त्याचं युरिक ॲसिड होतं, म्हणजे जास्त खाल्लं तर गाउट आणि मुतखड्याचा धोका. तापवून किंवा इतर प्रक्रिया करून आरएनए कमी करता येतं, पण ती एक पायरी वाढते आणि खर्चही. कोंबडी-माशांच्या खाद्यात या गोष्टीची तितकी अडचण नसते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुकुटबनचा धूर

सिमेंट बनवायला चुनखडी भट्टीत जाळतात. चुनखडीच्या रचनेतच कार्बन डायऑक्साइड कैद असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कोळशाचा धूर त्याशिवाय. म्हणून उद्या सगळी भट्टी सोलरवर चालवली तरी सिमेंटमधून कार्बन डायऑक्साइड निघणारच. विजेसारखा त्याला सोपा पर्याय नाही. आणि म्हणूनच सिमेंटचा धूर पकडायची चर्चा जगभर चालू आहे. भारताच्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेतही सिमेंट क्षेत्र आहे.

मुकुटबनचा कारखाना बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या उपकंपनीचा. २०२२ मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला ३९ लाख टन. या कारखान्याने प्रोटीन बनवायची कोणतीही घोषणा केलेली नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मी फक्त त्याची क्षमता घेऊन गणित मांडतोय.

एक टन सिमेंटमागे ढोबळमानाने ०.६ टन कार्बन डायऑक्साइड धरू. कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाला साधारण २३ लाख टन. आता जिवाणूंची बाजू. क्युप्रिॲव्हिडसच्या वाढीचं रासायनिक समीकरण कित्येक वर्षांपासून प्रसिद्ध आहे. त्यावरून एक किलो कोरडी पावडर बनायला साधारण १.८५ किलो कार्बन डायऑक्साइड, ०.४४ किलो हायड्रोजन आणि ०.१३ किलो अमोनिया लागतो. म्हणजे मुकुटबनचा सगळा धूर वापरला तर वर्षाला साडेबारा लाख टन पावडर!

आकडा बघून डोळे फिरतात. वांताच्या त्या गाजलेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला १६० टन आहे. लाख नाही, हजार नाही, १६० टन.

एवढा फरक का, तर कार्बन डायऑक्साइड हा या खेळातला सगळ्यात स्वस्त आणि मुबलक भाग आहे. महाग आहे तो हायड्रोजन.

सगळं गाडं विजेपाशी अडतं

पाण्यातून विजेने हायड्रोजन वेगळा करायला किलोमागे सुमारे ५० युनिट वीज जाते. ०.४४ किलोला झाली २२ युनिट. घुसळणं, थंड करणं, वाळवणं धरून एक किलो पावडरीला २५ युनिट म्हणू, आणि हा मी कंजूषपणे धरलेला आकडा आहे.

आता साडेबारा लाख टनांना गुणा. वर्षाला ३,००० कोटी युनिटच्या वर. चोवीस तास सरासरी ३,५०० मेगावॅट. शेजारच्या चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. ते अख्खं केंद्र पूर्ण क्षमतेने फक्त या कामाला जुंपलं तरी पुरायचं नाही.

आणि चंद्रपूरची वीज वापरली तर गंमत बघा. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २५ युनिटला जवळपास २५ किलो. पकडला किती? १.८५ किलो. एका हाताने वाटीभर उपसायचं आणि दुसऱ्या हाताने बादलीभर ओतायचं. देशाच्या ग्रिडची सरासरी वीज घेतली, ज्यात सौर-पवन-जल सगळं मिसळलेलं असतं, तरी हा आकडा १७-१८ किलोच्या खाली येत नाही. म्हणून "कार्बन पकडून बनवलेलं प्रोटीन" हे लेबल दिसलं की माझा पहिला प्रश्न वीज कुठली हाच असतो. उत्तर सौर, पवन किंवा जलविद्युत नसेल तर बाकीची माहितीपत्रिका वाचायची गरज नाही.

बरं, सौर वीज घेऊ. यवतमाळला ऊन कमी नाही. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला साधारण ४-५ एकर जमीन लागते आणि वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. त्यातून ६० टन पावडर, म्हणजे जवळपास ३९ टन प्रोटीन. त्याच पाच एकरांत सोयाबीन पेरलं तर? एकरी पाच क्विंटल धरा. २५ क्विंटल दाणे, त्यात प्रोटीन जेमतेम एक टन. कागदावर फरक चाळीसपट दिसतो. २०२१ मध्ये पीएनएएस या शोधपत्रिकेत छापून आलेल्या एका अभ्यासाने सौर विजेवरच्या जिवाणूंपासून सोयाबीनपेक्षा तेवढ्याच जमिनीत सुमारे दहापट प्रोटीन निघू शकतं असं मांडलं होतं. आपल्याकडचं कोरडवाहू उत्पादन मुळात कमी म्हणून इथे फरक आणखी फुगतो. दहा घ्या नाहीतर चाळीस, जमिनीच्या शर्यतीत जिवाणू जिंकतात हे मान्य करायला हवं.

पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि जिवाणूंना स्लीप मोड नसतो. रात्रीसाठी हायड्रोजन साठवा, बॅटऱ्या लावा किंवा टाकी रोज थंड करून सकाळी परत जागी करा. तिन्हींत पैसा जातो. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेमो आणि प्रॉडक्शन यात फरक करतो. डेमो एकदा चालला की टाळ्या पडतात, प्रॉडक्शन रात्री तीन वाजताही चालावं लागतं. या तंत्रज्ञानाचा डेमो कधीच पास झालाय. प्रॉडक्शनवाला भाग अजून पुरता सुटलेला नाही.

किमतीचं सांगतो आणि पुढे जातो. सौर वीज ३ रुपये युनिटने मिळाली तरी किलोभर पावडरीत ७५ रुपयांची नुसती वीज. त्यातल्या प्रोटीनच्या हिशेबाने किलोला ११५ रुपये. सोयाबीन ढेप किलोला ३५ रुपये धरली तर तिच्यातलं प्रोटीन पडतं साधारण ७५ रुपये किलो, सगळा नफा-वाहतूक धरून. म्हणजे वीज दोन रुपयांवर आली तर कुठे नुसत्या विजेचा खर्च ढेपेच्या बरोबरीला येईल. टाक्या, माणसं, अमोनिया, कर्जाचं व्याज, सगळं बाकीच.

एकदा हे होऊन गेलंय

ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९७०च्या दशकात नेमका असाच डाव टाकला होता. जिवाणू वेगळा आणि खाद्यही वेगळं, नैसर्गिक वायूपासून बनवलेलं मिथेनॉल, पण कल्पना तीच : जिवाणू वाढवा आणि जनावरांचं खाद्य विका. उत्पादनाचं नाव प्रुटीन. बिलिंगहॅमला त्यांनी तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा फर्मेंटर उभारला, सुमारे १५ लाख लिटरचा. तंत्र उत्तम चाललं. कोंबड्या-डुकरांनी खाल्लंही. पण तोवर ऊर्जेचे भाव चढले, सोयाबीन ढेप स्वस्तच राहिली आणि १९८०च्या दशकात कारखाना बंद पडला.

हरवलं कुणी? सोयाबीनने. आणि विचार केला तर ते साहजिक आहे. सोयाबीनचं झाड हेच मुळात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून जिवाणूंच्या मदतीने प्रोटीन बनवणारं यंत्र आहे. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन फुकटात आणून देतात. कारखान्यातल्या जिवाणूला तोच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात विकत घ्यावा लागतो, आणि आजचा बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायूपासूनच बनतो. ऊन फुकट, नायट्रोजन फुकट, टाकी म्हणजे काळी माती. या यंत्राची एकच मोठी अडचण आहे. ते पावसावर चालतं आणि वर्षातून एकदाच माल देतं. २०२३ मध्ये पिवळा मोझॅक आला तेव्हा विदर्भात शिवारंच्या शिवारं पिवळी पडली होती. टाकीत असलं काही होत नाही. तिथे बिघाड झाला तर टाकी धुऊन आठवड्याभरात नवा घाण.

मग सोयाबीनवाल्याने घाबरायचं का?

या पावडरीला आत्ता तरी नाही. आज भाव पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत माल त्याच्या बऱ्याच खाली विकला जात होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या अटीवरून पोती परत जात होती, शेवटी केंद्राने १२ टक्क्यांची मर्यादा १५ केली. २०२५-२६साठी हमीभाव ५,३२८ झाला, तरी बाजाराने मान वर केली नाही.

यामागे जागतिक साठा आहे, आयात तेल आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे : डीडीजीएस. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवताना जो चोथा उरतो तो वाळवला की डीडीजीएस. त्यात प्रोटीन भरपूर आणि किंमत सोयाबीन ढेपेपेक्षा बरीच कमी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं म्हणून डिस्टिलऱ्या वाढल्या, चोथा वाढला आणि पोल्ट्रीवाले तिकडे वळले. हा चोथाही सूक्ष्मजीवांनी, म्हणजे यीस्टने, आंबवलेल्या टाकीतूनच येतो. टाकीतलं प्रोटीन शेतातल्या प्रोटीनला मागे ढकलू शकतं का, याचं उत्तर त्यामुळे आपल्याला आधीच मिळालंय. हो, ढकलू शकतं. कुणी रीलही बनवली नाही आणि भाव पडला.

म्हणून मी या पावडरीकडे "दहा-पंधरा वर्षांनी बघू" असं म्हणून पाठ फिरवणार नाही. सौर विजेचे दर गेल्या दशकात कुठून कुठे आले ते आपण पाहिलंय. हायड्रोजनची यंत्रं स्वस्त झाली तर वरचं गणित उलटायला वेळ लागणार नाही. आणि सुरुवात ताटातून होणार नाही, मासे आणि कोंबडीच्या खाद्यातून होईल. तिथे चवीचा प्रश्न नाही, आरएनएची भानगड कमी. माणसाच्या खाण्यासाठी एफएसएसएआयकडून नव्या खाद्यपदार्थाची वेगळी मंजुरी लागते, ती पायरी लांबची. बेंगळुरूची स्ट्रिंग बायो ही कंपनी मिथेन वायूपासून असंच जिवाणू-प्रोटीन बनवते, तिचाही रोख पशू आणि मत्स्यखाद्यावर आहे. पानिपतला इंडियन ऑइलच्या रिफायनरीत वाया जाणाऱ्या वायूपासून जिवाणूंकरवी इथेनॉल बनवायचा प्रकल्प उभा आहे. एनटीपीसीने विंध्याचलला दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडायचा प्लांट लावलाय, त्यातून मिथेनॉल करायचं म्हणून. सुटे भाग देशात आहेत, जोडणी बाकी आहे.

जमीन कुणाची, भाडं कुणाला

जोडणी झाली तर जिल्ह्यात पहिल्यांदा काय बदलेल? माझ्या मते सोयाबीनच्या भावाआधी जमिनीचा वापर बदलेल. आणि ते सुरूही झालंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये मिळतात, म्हणजे एकरी ५० हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ. एकरी पाच क्विंटल सोयाबीन ४,३०० रुपयांनी विकलं तर हातात २१,५००, त्यातून बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी वजा करा. कोणता शेतकरी काय निवडेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मुकुटबनच्या धुराचा फक्त एक टक्का वापरायचा ठरवला तरी वर्षाला साडेबारा हजार टन पावडर, आणि त्यासाठी जवळपास दोनशे मेगावॅट सौर प्रकल्प, म्हणजे आठशे-हजार एकर. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला भाडं मिळेल. जो मक्त्याने शेती करतो त्याचं शेत जाईल आणि भाडं दुसऱ्याला. ज्या बाया निंदण-सोंगणीला जातात त्यांचे हंगामाचे दिवस जातील, कारण सोलर पॅनेलला निंदण नसतं. झरी जामणी-मारेगावच्या पट्ट्यात कोलाम वस्त्या आहेत, तिथल्या अनेक घरांचा वर्षाचा हिशेब अशाच मजुरीवर चालतो. त्याच वस्त्यांमध्ये कुपोषणही आहे. तिथल्या पोरांच्या पोषण आहारात उद्या हे प्रोटीन गेलं तर मला आनंदच होईल, पण आजच्या किमतीला ते जाणार नाही आणि आईची मजुरी गेली तर घरातली डाळ आधी जाईल. कार्बन क्रेडिटचा पैसा कारखान्याला, पावडरीचा कंपनीला, भाडं जमीनमालकाला. बायो-ई-थ्रीच्या चर्चेत मजुराचा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही.

आणखी एक रकाना जिवाणूचा. सोलीनचा जिवाणू कंपनीने स्वतः शोधलेला आणि पेटंटने राखलेला आहे, क्लोज्ड सोर्स म्हणा ना. क्युप्रिॲव्हिडस नेकेटर मात्र जगभरच्या जिवाणू-संग्रहांतून संशोधनासाठी मिळतो. भारतात असे संग्रह चंडीगडला आहेत आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही. म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने किंवा विदर्भातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजने शंभर लिटरची टाकी लावून ४५ अंशांच्या उन्हात ती किती युनिट खाते हे मोजायचं ठरवलं तर फिनलंडची परवानगी लागणार नाही. मी वर धरलेले २५ युनिट विदर्भाच्या मे महिन्यात ३० होतात की ४०, हा आकडा आपल्याकडच्या टाकीतूनच निघू शकतो.